पेप्टाइडांचे अभिशोषण

अन्नातील प्रथिनांच्या पचनातून निर्माण होणारी दोन किंवा तीन ॲमिनो अम्लांची लहान पेप्टाइडे लहान आतड्याच्या अस्तरातील कोशिकांत न तुटता शिरण्याच्या क्रियेला पेप्टाइडांचे अभिशोषण म्हणतात. ही क्रिया कोशिकापटलात रुतून बसलेल्या विशिष्ट वाहक प्रथिनांमार्फत घडते. मानवी शरीरात अशी दोन प्रथिने प्रमुख असून त्यांना ‘पेप्ट-१’ व ‘पेप्ट-२’ अशी नावे आहेत. पहिले मुख्यतः लहान आतड्यात, तर दुसरे मुख्यतः वृक्कात (मूत्रपिंडात) व मेंदूसह इतर काही ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) आढळते. प्रथिनांचे पचन ॲमिनो अम्लांपर्यंत पूर्ण झाल्याशिवाय त्यांचे अभिशोषण होत नाही, ही समजूत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शरीरक्रियाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत जवळजवळ सिद्धांताच्या दर्जाला पोहोचली होती. ती कशी रूढ झाली आणि कोणत्या पुराव्यांनी मागे सारली गेली, याचा इतिहास प्रयोगातून काढावयाच्या अनुमानांच्या मर्यादांच्या दृष्टीनेही अभ्यसनीय आहे. [⟶ पचन तंत्र, प्रथिने].

पेप्टोनांचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जठररसाच्या क्रियेने प्रथिनांपासून बनणाऱ्या, पाण्यात सहज विरघळणाऱ्या व उष्णतेने न साखळणाऱ्या पदार्थांना जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक कार्ल गोटहेल्फ लेमान यांनी ‘पेप्टोन’ हे नाव दिले. पेप्टोन हीच प्रथिनांच्या पचनाची अंतिम अवस्था होय आणि याच स्वरूपात ती रक्तात जातात, असे त्यानंतर काही दशके मानले जात होते. या मतात एक अडचण होती. पेप्टोन थेट रक्तात टोचल्यास कुत्र्याचा रक्तदाब घसरतो व त्याचे रक्त साखळेनासे होते, असे १८८० च्या सुमारास आढळून आले. शिवाय भरपूर प्रथिनयुक्त आहारानंतरही रक्तात पेप्टोने सापडत नसत. प्राग येथील फ्रांट्स होफमाइस्टर यांनी आतड्याच्या भित्तीत पेप्टोने नाहीशी होतात असे दाखविले. यावरून आतड्याच्या भित्तीतच पेप्टोनांपासून पुन्हा प्रथिने बनत असावीत, असा तर्क पुढे आला.

हाच तर्क पडताळून पाहण्यासाठी ओटो कोनहाइम यांनी आतड्याच्या अस्तराचा अर्क व पेप्टोने एकत्र ठेवून त्यांतून प्रथिन परत मिळते का, हे पाहिले. त्यांना प्रथिन मिळाले नाही. पेप्टोने मात्र नाहीशी झाली व त्यांच्या जागी ॲमिनो अम्ले मिळाली. पेप्टोनांचे विघटन करणाऱ्या या अस्तरातील घटकाला त्यांनी १९०१ साली ‘इरेप्सिन’ असे नाव दिले. आता इरेप्सिन हे एकच एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) नसून अनेक पेप्टाइडेजांचे मिश्रण आहे हे ज्ञात आहे. तथापि या शोधाने विचारांची दिशाच पालटली. लगेच पुढच्या वर्षी ओटो लोव्ही यांनी प्रथिनाची मुळीच प्रतिक्रिया न देणारे, पूर्णपणे पचवून ठेवलेले अन्न देऊन कुत्र्याचा नायट्रोजन समतोल टिकविता येतो असे दाखविले. ज्याअर्थी प्राणी केवळ ॲमिनो अम्लांवर निर्वाह करू शकतो, त्याअर्थी त्याला अन्य कशाची गरज नसावी, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

त्याच सुमारास एमील फिशर यांनी बर्लिन येथे ग्लायसिलग्लायसीन या सर्वांत साध्या पेप्टाइडाचे संश्लेषण केले (१९०१) आणि ‘पेप्टाइड’ ही संज्ञा रूढ केली. १९०२ साली कार्ल्सबाड येथील परिषदेत फिशर आणि होफमाइस्टर या दोघांनीही, प्रथिनांमधील ॲमिनो अम्ले एका विशिष्ट बंधाने साखळीसारखी जोडलेली असतात, असे स्वतंत्रपणे प्रतिपादन केले. पेप्टाइड म्हणजे काय हे रसायनशास्त्राला याप्रमाणे उमगले. परंतु शरीरक्रियाविज्ञानातून मात्र ही संकल्पना नेमकी त्याच काळात बाहेर पडू लागली होती.

ॲमिनो अम्ल सिद्धांताचे वर्चस्व : न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संशोधन संस्थेत डॉनल्ड व्हॅन स्लाइक आणि गुस्टाव्ह मेयर यांनी १९१२ मध्ये रक्तातील ॲमिनो नायट्रोजन मोजण्याची सुधारित पद्धत वापरून, मांसाहारानंतर कुत्र्याच्या रक्तातील ॲमिनो अम्लांचे प्रमाण वाढते असे सिद्ध केले. पुढे दोनच वर्षांत जॉन जेकब एबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत प्राण्याचे रक्त पातळ पटलाच्या नळ्यांतून फिरवून त्यातून ॲमिनो अम्ले प्रत्यक्ष वेगळी केली. कागद-वर्णलेखनाचे तंत्र उपलब्ध झाल्यावर चार्ल्स डेंट आणि जे. ए. शिलिंग यांनी १९४९ साली, प्रथिने खाऊ घातलेल्या कुत्र्यांच्या प्रवेशिका नीलेतील (आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या नीलेतील) रक्ताचे परीक्षण केले. त्यांनाही प्रामुख्याने मुक्त ॲमिनो अम्लेच आढळली. वादाचा निकाल लागला असे बहुतेकांनी मानले.

वस्तुतः या सर्व प्रयोगांत आतड्याच्या पलीकडच्या बाजूस, म्हणजे रक्तात, काय येते एवढेच पाहिले गेले होते. पोकळीतून कोशिकेत काय शिरते हा प्रश्न त्याहून निराळा आहे. घरात सगळे धान्य पिठाच्या रूपात दिसते यावरून ते दारातूनही पीठ होऊनच आले असे म्हणता येत नाही. जाते घरातच असू शकते. कोनहाइम यांचे इरेप्सिन अस्तराच्या कोशिकांत सापडले होते, आतड्याच्या पोकळीतील रसात ते फारच थोडे असते, हे तेव्हाही ठाऊक होते. म्हणजे विघटनाची जागा कोशिकेच्या आत असण्याची शक्यता पहिल्यापासून डोळ्यांसमोर होती. तिचा विचार न होण्याचे कारण पुराव्यापेक्षा सिद्धांताच्या सुटसुटीतपणात शोधावे लागते. लोव्ही यांच्या प्रयोगाचाही असाच अतिव्याप्त अर्थ लावला गेला. ॲमिनो अम्ले पुरेशी आहेत एवढेच त्यावरून ठरते, तीच एकमेव वाट आहे असे ठरत नाही. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ आर. बी. फिशर यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रथिनांच्या चयापचयावरील ग्रंथात रूढ मताच्या आधारांतील उणिवा परखडपणे दाखविल्या. तथापि त्यांच्या टीकेकडे तेव्हा फारसे लक्ष दिले गेले नाही.

अखंड पेप्टाइडाचा पुरावा : १९५३ मध्ये डब्ल्यू. टी. एगर, एफ. जे. आर. हर्ड आणि जी. एस. सिद्धू यांना उंदराच्या शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या आतड्यातून ग्लायसिलग्लायसिनाचा काही भाग न तुटता पलीकडे जातो असे दिसून आले. शेफील्ड विद्यापीठात एच. न्यूई आणि डी. एच. स्मिथ यांनी १९५९ ते १९६२ या काळात हा प्रश्न अधिक पद्धतशीरपणे हाताळला. द्विपेप्टाइडांचे जलीय विच्छेदन (पाण्याच्या रेणूच्या साहाय्याने रेणू तुटणे) पोकळीत किंवा पृष्ठभागावर घडते की कोशिकेच्या आत, हे ठरविण्यासाठी त्यांनी निरनिराळ्या बाजूंस आढळणाऱ्या ॲमिनो अम्लांच्या प्रमाणांची तुलना केली. द्विपेप्टाइडे कोशिकेत अखंड शिरू शकतात व त्यांचे विच्छेदन आत होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या मते अभिशोषणाच्या दोन वाटा होत्या, एक मुक्त ॲमिनो अम्लांची व दुसरी पेप्टाइडांची. मात्र दुसरी वाट केवळ एकदोन पेप्टाइडांपुरती असलेली क्षुल्लक बाब आहे, अशीच त्या वेळची सर्वसाधारण प्रतिक्रिया होती.

ग्लायसिनाच्या पेप्टाइडांबरोबरच आणखी एक दुर्लक्षित निरीक्षण याच काळातील आहे. जिलेटिनात हायड्रॉक्सिप्रोलीन हे ॲमिनो अम्ल विपुल असते. १९६२ साली डी. जे. प्रॉकॉप व सहकाऱ्यांना जिलेटीन खाल्लेल्या व्यक्तींच्या शरीरात हायड्रॉक्सिप्रोलीन असलेली पेप्टाइडे अखंड शोषली जाऊन मूत्रावाटे बाहेर पडतात असे आढळले. या पेप्टाइडांतील बंध कोशिकेतील एंझाइमांना सहज तोडता येत नाहीत, म्हणूनच ती रक्तापर्यंत टिकली होती.

या विषयाला खरी कलाटणी मिळाली ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयातील डेव्हिड मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. त्यांनी १९६८ साली प्रथम उंदरांत व नंतर मानवात ग्लायसीन, त्याचे द्विपेप्टाइड आणि त्रिपेप्टाइड यांच्या अभिशोषणाची तुलना केली. ग्लायसिनाची एकूण मात्रा समान असतानाही, ते पेप्टाइडाच्या रूपाने दिल्यास त्याचे अभिशोषण मुक्त ग्लायसिनापेक्षा अधिक जलद होते, असे दिसून आले. हा निष्कर्ष रूढ मताशी जुळविणे अशक्य होते. पेप्टाइडांना आधी तुटावे लागत असेल, तर तुटण्यात जाणारा वेळ लक्षात घेता त्यांचे अभिशोषण मुक्त अम्लापेक्षा मंद तरी असावयास हवे, फार तर तेवढेच. ते जलद असल्यास त्यांची वाटच वेगळी असली पाहिजे. मुक्त ॲमिनो अम्ले एकाच वाहकासाठी परस्परांशी स्पर्धा करतात व एकमेकांना अडवितात; पेप्टाइडे त्या स्पर्धेत सापडत नाहीत, असेही या गटाच्या प्रयोगांतून पुढे आले. मॅथ्यूज यांनी हा विषय आयुष्यभर लावून धरला. १९७५ साली त्यांनी लिहिलेला विस्तृत आढावा व १९९१ मधील प्रथिन-अभिशोषणाच्या विकासावरील ग्रंथ हे या इतिहासाचे महत्त्वाचे आधार आहेत.

अमेरिकेत पिट्सबर्ग येथे सियामक अदिबी यांनी हेच काम मानवी आतड्यात थेट केले. स्वयंसेवकांच्या रिक्तांत्रापर्यंत (लहान आतड्याच्या मधल्या भागापर्यंत) नळी उतरवून, तिच्यातून ज्ञात संहतीचा पेप्टाइडाचा विद्राव वाहता ठेवावयाचा व काही अंतरावर तो परत घेऊन त्यात काय उरले हे मोजावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून मानवातील द्विपेप्टाइडांचे अभिशोषण मुख्यतः अखंड स्वरूपात होते असे निष्पन्न झाले. पुढे १९७७ मध्ये अदिबी व ई. एल. मॉर्स यांनी ग्लायसिनाच्या साखळ्यांची लांबी वाढवीत जाऊन या वाटेची मर्यादा शोधली. दोन व तीन ग्लायसिनांच्या साखळ्या अखंड आत जातात. चारांच्या साखळीला मात्र आधी कोशिकेच्या पृष्ठभागावरील एंझाइमांकडून तुटावे लागते. ही मर्यादा आजही मान्य आहे.

रोग्यांनी दिलेली साक्ष : प्रयोगशाळेतील पुराव्याइतकीच, किंबहुना अधिक निर्णायक साक्ष दोन दुर्मिळ आनुवंशिक विकारांनी दिली. हार्टनप रोग १९५६ साली इंग्लंडमध्ये वर्णिला गेला. ज्या कुटुंबात तो प्रथम ओळखला गेला त्याच्या आडनावावरून त्याला हे नाव मिळाले. या रोगात ट्रिप्टोफेन, फिनिलॲलॅनीन, हिस्टिडीन वगैरे ॲमिनो अम्लांचे आतड्यातील अभिशोषण व वृक्कातील पुनर्शोषण सदोष असते. ट्रिप्टोफेनापासून शरीरात निकोटिनिक अम्ल बनत असल्याने या रोग्यांच्या त्वचेवर वल्कचर्मासारखे (पेलाग्रासारखे) चट्टे उठतात. (ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या दख्खनच्या काही भागांत वल्कचर्म प्रत्यक्षच आढळत असे व हैदराबाद येथील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसिनाच्या आधिक्याशी जोडला होता. ती मीमांसा पुढे वादग्रस्त ठरली.) सिस्टिन्यूरियात सिस्टीन, लायसीन, आर्जिनीन व ऑर्निथीन यांच्या बाबतीत असाच दोष असून त्यात सिस्टिनाचे मूतखडे होतात.

येथे एक कोडे होते. ट्रिप्टोफेन, फिनिलॲलॅनीन व लायसीन ही अत्यावश्यक ॲमिनो अम्ले आहेत. शरीर ती बनवू शकत नाही. त्यांचे अभिशोषण जर केवळ मुक्त स्वरूपातच होत असेल, तर हे रोगी बालपणीच प्रथिन-न्यूनतेने खंगले पाहिजेत. प्रत्यक्षात बहुतेकांचे पोषण बऱ्यापैकी असे. १९७० साली ए. एम. असातूर, एम. डी. मिल्न, मॅथ्यूज व त्यांचे सहकारी यांनी हार्टनप रोग्याला फिनिलॲलॅनीन व हिस्टिडीन ही अम्ले मुक्त स्वरूपात दिली, तेव्हा रक्तात त्यांची वाढ अगदीच अल्प झाली. तीच अम्ले द्विपेप्टाइडांच्या रूपाने (हिस्टिडिनासाठी मांसात नैसर्गिकपणे असणारे कार्नोसीन वापरले होते) दिल्यावर मात्र अभिशोषण व्यवस्थित झाले. त्याच वर्षी एम. डी. हेलियर यांच्या गटाने सिस्टिन्यूरियातही द्विपेप्टाइडांचे अभिशोषण अबाधित असल्याचे दाखविले. एक दार जन्मतःच बंद असलेल्या माणसांचे पोषण दुसऱ्या दाराने होत होते, हे यावरून स्पष्ट झाले. पेप्टाइडांची वाट ही प्रयोगशाळेतील नवलाई नसून पोषणाचा मोठा भाग तिच्यावर अवलंबून असतो, हे वैद्यकाला पटले ते येथे. ॲमिनो अम्लांच्या वाहकांमधील दोष जनुकीय पातळीवर निश्चित होण्यास मात्र बराच काळ जावा लागला. सिस्टिन्यूरियाची दोन जीन १९९० नंतरच्या दशकात आणि हार्टनप रोगाचे जीन २००४ साली सापडले.

भारतातही या काळात या विषयावर महत्त्वाचे काम झाले. वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात ए. एन. राधाकृष्णन आणि मंजुश्री दास यांनी माकडाच्या आतड्यातून अनेक द्विपेप्टाइडे तोडू शकणारे एक बहुगुणी एंझाइम शुद्ध केले (१९७३) व त्यानंतर माकड आणि मानव यांच्या आतड्यांत नानाविध द्विपेप्टाइडे स्वीकारणारी एकच व्यापक परिवहन यंत्रणा असल्याचे दाखविले (१९७५). आत घेणारी यंत्रणा व आत तोडणारे एंझाइम या दोहोंचीही निवड सैल आहे, या निरीक्षणाचे महत्त्व पुढे फार वाढले.

ऊर्जेचा प्रश्न : १९७२ साली जे. एम. ॲडिसन, डी. बर्स्टन व मॅथ्यूज यांनी ग्लायसिलसार्कोसीन हे एंझाइमांना सहसा दाद न देणारे द्विपेप्टाइड वापरून, हॅम्स्टरच्या आतड्याच्या कोशिका ते बाहेरच्यापेक्षा अधिक संहतीपर्यंत साठवितात असे सिद्ध केले. कमी संहतीकडून अधिक संहतीकडे पदार्थ नेण्यास ऊर्जा लागते. ती कोठून येते? रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडलेल्या कल्पनेनुसार ग्लुकोज हे सोडियम आयनांच्या ओघाबरोबर कोशिकेत ओढले जाते. ॲमिनो अम्लांच्या बाबतीतही तसेच आढळल्याने पेप्टाइडांचा वाहकही सोडियमावरच चालत असला पाहिजे, असे साहजिकच मानले गेले व सुरुवातीच्या काही प्रयोगांनी त्याला दुजोराही दिला.

वेल्लोर येथे राधाकृष्णन यांच्याबरोबर काम केलेले वडिवेल गणपती यांनी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयात फ्रेडरिक लाइबाख यांच्यासह हा प्रश्न वेगळ्या मार्गाने तपासला. त्यांनी सशाच्या आतड्याच्या व वृक्काच्या कोशिकांची ब्रशाच्या केसांसारखी दिसणारी कडा वेगळी काढून तिच्या सूक्ष्म बंद पुटिका बनविल्या. अशा पुटिकांत कोशिकेचा अन्य कोणताही भाग नसतो. त्यामुळे आतल्या व बाहेरच्या विद्रावांचे घटक प्रयोगकर्त्याला हवे तसे ठेवता येतात. सोडियमाचा उतार दिल्याने पुटिकांतील पेप्टाइडाचे प्रमाण वाढेना. मात्र बाहेरचा विद्राव आतल्यापेक्षा अधिक अम्ल ठेवला आणि पुटिकेची आतली बाजू ऋण विद्युत् भारित ठेवली, की पेप्टाइड वेगाने आत जाई. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाचा अर्थ असा की, हा वाहक प्रोटॉनांच्या म्हणजे हायड्रोजन आयनांच्या ओघावर चालतो. जीवाणू व यीस्ट यांत अशी व्यवस्था परिचित होती; सस्तन प्राण्यांच्या कोशिकेच्या बाह्य पटलात ती अपेक्षित नव्हती. जपानी संशोधकांनीही लवकरच त्याला पुष्टी दिली.

मग पूर्वीच्या प्रयोगांत सोडियमाचा संबंध का दिसला? याचे उत्तर अखंड कोशिकेच्या व्यवहारात आहे. रिक्तांत्राच्या पृष्ठभागालगतचा द्रवाचा पातळ थर किंचित अम्ल असतो. त्याचे पीएच मूल्य (अम्लता दर्शविणारे मूल्य) सु. ६, तर कोशिकेच्या आतील मूल्य ७ हून किंचित अधिक असते. पेप्टाइडाबरोबर आत आलेले प्रोटॉन कोशिका दुसऱ्या एका प्रथिनामार्फत सोडियमाच्या बदल्यात पुन्हा बाहेर टाकते आणि ते सोडियम तळाकडील पंप ऊर्जा खर्चून रक्ताकडे ढकलतो. सोडियम काढून घेतले की प्रोटॉनांचा उतार ढासळतो व पेप्टाइडांचे परिवहन मंदावते. म्हणजे जुन्या प्रयोगांतील निरीक्षण खरे होते, पण सोडियमाचा संबंध दूरचा होता.

वाहकाचा शोध : हे प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळविण्याचे पारंपरिक प्रयत्न फारसे फळले नाहीत. १९९४ साली बॉस्टन येथील मॅथियास हेडिगर यांच्या प्रयोगशाळेतील यू-जून फे व सहकाऱ्यांनी, गणपती व लाइबाख यांच्या सहकार्याने, निराळा मार्ग वापरला. सशाच्या आतड्यातील संदेशवाहक आरएनए झेनोपस बेडकाच्या मोठ्या अंडकोशिकेत टोचल्यास ती अंडकोशिका सशाची प्रथिने बनवून आपल्या पटलात बसविते. कोणत्या अंडकोशिका किरणोत्सर्गी ग्लायसिलसार्कोसीन आत घेऊ लागतात हे पाहत, मिश्रणाचे पुनःपुन्हा लहान भाग पाडून, अखेरीस एकाच जीनापर्यंत ते पोहोचले. त्यातून मिळालेले प्रथिन ७०७ ॲमिनो अम्लांचे होते व अंडकोशिकेत त्याने प्रोटॉनांच्या ओघामुळे होणारा विद्युत् प्रवाहही दाखविला. हेच ‘पेप्ट-१’. हान्नेलोरे डॅनियल व हाइनी मुरर यांच्या गटानेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे सशाच्या आतड्यातून हा वाहक मिळविला. १९९५ साली मानवातील ‘पेप्ट-१’ (७०८ ॲमिनो अम्ले) व ‘पेप्ट-२’ (७२९ ॲमिनो अम्ले) यांची रचना ज्ञात झाली. दोहोंची साखळी कोशिकापटलातून बारा वेळा आरपार जाते. पहिल्याची पेप्टाइडांबद्दलची ओढ कमी पण वाहण्याची क्षमता मोठी, तर दुसऱ्याची ओढ अधिक व क्षमता लहान आहे. जेवणानंतर आतड्यात पेप्टाइडांची रेलचेल असते आणि वृक्कात त्यांचे अल्प अंश वेचावयाचे असतात, हे लक्षात घेता ही विभागणी समर्पक आहे.

पेप्टाइडांची ओळख : प्रथिनांत आढळणाऱ्या २० ॲमिनो अम्लांपासून ४०० द्विपेप्टाइडे व ८,००० त्रिपेप्टाइडे संभवतात. त्यांचे आकार, विद्युत् भार व जलस्नेह परस्परांहून अत्यंत भिन्न असूनही एकच प्रथिन त्यांपैकी बहुतेक सर्वांना वाहून नेते. मात्र एकट्या ॲमिनो अम्लाला अथवा चार अम्लांच्या साखळीला ते स्वीकारीत नाही. कुलूप-किल्लीची सर्वपरिचित उपमा येथे अपुरी पडते. वाहक पेप्टाइडाची दोन टोके पाहतो, एका टोकाचा धन भारित ॲमिनो गट व दुसऱ्या टोकाचा ऋण भारित कार्बॉक्सिल गट. डॅनियल यांच्या गटाने १९९८ साली दाखविल्याप्रमाणे हे दोन भार योग्य अंतरावर (सु. ५०० ते ६३५ पिकोमीटर) असले, की मधला पेप्टाइड बंधही अनिवार्य राहत नाही; चार कार्बन अणूंच्या साखळीने अलग ठेवलेले दोन गटही वाहकाला पुरतात. एकट्या ॲमिनो अम्लात हे अंतर फारच कमी असते. टोके झाकली किंवा नैसर्गिक एल-ॲमिनो अम्लांऐवजी त्यांची डी-प्रतिरूपे बसविली, तर ओळख क्षीण होते.

ही ओळख प्रत्यक्ष कशी घडते हे रचनांच्या अभ्यासातून उलगडले. सायमन न्यूस्टेड व सहकाऱ्यांनी २०११ साली शेवानेला या जीवाणूतील सजातीय वाहकाची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने निश्चित केली. मानवी ‘पेप्ट-१’ व ‘पेप्ट-२’ आणि उंदरातील ‘पेप्ट-२’ यांच्या रचना २०२१ मध्ये अतिशीत अवस्थेतील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने हँबुर्ग व ऑक्सफर्ड येथील गटांनी प्रसिद्ध केल्या. बारा दंडांचे सहा-सहांचे दोन गट असून त्यांच्यामध्ये खोबण आहे. खोबणीच्या एका बाजूला आर्जिनीन व लायसीन यांचे धन भार पेप्टाइडाचे कार्बॉक्सिल टोक पकडतात, समोरच्या बाजूला ग्लुटामिक अम्लाचा ऋण भार ॲमिनो टोक पकडतो. मधल्या उपशाखांसाठी मात्र प्रशस्त कप्पे आहेत आणि त्यांत पाण्याचे रेणूही सामावतात, म्हणून निरनिराळ्या उपशाखा तेथे मावतात. प्रोटॉन व पेप्टाइड आल्यावर बाहेरची बाजू मिटते व आतली उघडते. दोन्ही बाजू एकाच वेळी उघड्या नसतात. नवव्या व दहाव्या दंडांमधील मोठा बाह्य भाग ट्रिप्सीन या पाचक एंझाइमाला धरू शकतो, असेही २०१५ साली आढळले. म्हणजे पेप्टाइडे जेथे तुटून तयार होतात तेथेच त्यांना उचलण्याची सोय असण्याचा संभव आहे.

औषधे व आहार : निवडीतील या सैलपणाचा वैद्यकाला मोठा लाभ झाला. सेफॅलेक्सीन, सेफॅड्रॉक्सिल यांसारखे प्रतिजैव पदार्थ स्निग्ध पदार्थांत नीट विरघळत नाहीत. तरीही तोंडाने घेतल्यावर त्यांचे अभिशोषण जवळजवळ पूर्ण होते. त्यांचा रेणू त्रिपेप्टाइडासारखा दिसतो व तो याच वाहकातून जातो, हे १९७० नंतरच्या दशकापासून मुख्यतः जपानी संशोधकांनी उलगडले. नागिणीवरील ॲसायक्लोव्हिराची तोंडाने दिलेली मात्रा फक्त १५ ते २० टक्के शोषली जाते. त्याला व्हॅलीन जोडून बनविलेल्या व्हॅलॅसायक्लोव्हिराची उपलब्धता ५० टक्क्यांच्या वर जाते. या औषधाला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली आणि ते ‘पेप्ट-१’ मधून जाते हे त्यानंतर सिद्ध झाले. त्यात पेप्टाइड बंध मुळीच नाही, ही गोष्ट उपर्युक्त अंतराच्या नियमाशी सुसंगत आहे.

आतड्याची शोषणशक्ती क्षीण झालेल्या रोग्यांना नळीवाटे दिल्या जाणाऱ्या द्रव आहारात मुक्त ॲमिनो अम्लांऐवजी लहान पेप्टाइडांची मिश्रणे वापरण्याची पद्धतही या संशोधनातून आली. अशा मिश्रणांचा तर्षण दाब (विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असणारा दाब) कमी असल्याने अतिसाराचा धोका घटतो. निरोगी माणसाला मात्र असे पेप्टाइड-चूर्ण विकत घेण्याचे कारण नाही; त्याचे स्वतःचे अग्निपिंड डाळ, दूध व मांस यांपासून हीच पेप्टाइडे दर जेवणानंतर बनवीत असते. शिवाय बाजारातील चूर्णांतील पेप्टाइडे बहुधा तीन अम्लांहून लांब असल्याने त्यांना आधी तुटावेच लागते.

‘पेप्ट-१’ चे जीन काढून टाकलेले लहान उंदीर (मूषक) जगतात व नेहमीच्या आहारावर सामान्यपणे वाढतात. या निष्कर्षाने पेप्टाइडांच्या वाटेचे महत्त्व कमी होते की काय, असा प्रश्न काहींनी उपस्थित केला. परंतु हार्टनप रोग्यांच्या बाबतीत जे दिसले त्याचेच हे उलट चित्र आहे. एक वाट बंद असता दुसरी भार उचलते. अशा उंदरांना अतिप्रथिनयुक्त आहार दिल्यास मात्र ते कमी खातात व त्यांचे वजन घटते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. कोशिकेत शिरलेली बहुतेक पेप्टाइडे आत तुटून ॲमिनो अम्लांच्या रूपानेच रक्तात जातात. व्हॅन स्लाइक व मेयर यांनी १९१२ साली रक्तात जे मोजले ते आजही तसेच मोजता येते.